कार्बनचा पाचवा भाग

प्रिय कार्बन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. नऊ वर्षांत पुष्कळ बदललं, पण माझं अक्षर अजून मुंगळे पळाल्यासारखंच आहे. तेव्हा आधीच हात जोडते, फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड, तुला तो हक्क आहे. तू कधी कुठलं पुस्तक अर्धवट सोडलं नाहीस. मास्तरांनी आणलेलं ते जंगलांवरचं जाडजूड पुस्तकसुद्धा नाही, ज्यात दोनशे पानं नुसती झाडंच झाडं होती आणि माणूस औषधाला नव्हता. त्यापेक्षा तरी हे पत्र बरं असेल. आणि मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती शेवटी सांगते. गाठ शेवटी मारायची, ही माझी धंद्याची सवय तुला ठाऊक आहे.

दुकान आहे तिथेच आहे. तेच बेतायचं टेबल, तीच दोन मशीन, आणि कपडे घालून बघायच्या कोपऱ्यातला तोच पडदा, ज्याच्या कड्या तू दर वेळी मोजून सांगायचीस की एक कमी आहे. अजूनही एक कमीच आहे. गुरुवारची सुट्टीही तशीच आहे. गुरुवारी दुपारी शटर अर्धं ओढलेलं असलं की माझे कान अजून टवकारतात. सगळ्यांच्या आधी तू यायचीस. तुझ्याकडे दुकानाची दुसरी किल्ली होती. मी वर जेवत असायचे आणि खाली खुर्च्या सरकवल्याचा आवाज यायचा. पाच खुर्च्या. तू आलीस की मग नर्सबाई ड्यूटीवरून तशाच, पायातले मोजे काढत. मग मास्तर, छत्री टेकत, ऊन असो की नसो. आणि सगळ्यात शेवटी बांधणीकाका, दिवसभर पुस्तकं बांधून बोटांना खळ लागलेली, त्यामुळे त्यांनी कपाला हात लावला की कप हाताला चिकटायचा. तुझी बोटं निळी आणि काकांची चिकट. वकिलाच्या ऑफिसात दिवसभर कार्बन कागद घालून टाईप करून आलेल्या त्या बोटांवरून मास्तरांनी तुझं नाव पाडलं आणि मग तुझं खरं नाव आम्ही कुणी घेतलंच नाही. मला कात्री म्हणायला मात्र तूच सुरुवात केलीस. कापडासाठी नव्हे, जिभेसाठी.

आपला प्रकार लोकांना सांगितला तर अजून कुणाला खरा वाटत नाही. परवा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, तर ती बाई म्हणाली, अहो, पुस्तकाचे तुकडे करून वाचायचं म्हणजे पाप आहे! मी म्हटलं, बाई, पुस्तक एक आणि वाचणारी पाच तोंडं, करणार काय? आठवतं ना, पहिल्यांदा दोघातिघांनी एकाच पुस्तकात डोकी घालून वाचायला घेतलं आणि पान उलटण्यावरून मास्तर आणि नर्सबाई यांची जुंपली. तेव्हा काकांनी शांतपणे पुस्तक हातात घेतलं, पाठीवरचा कागद सोडवला, शिवण उसवली आणि पुस्तकाचे पाच भाग करून टेबलावर ठेवले. प्रत्येक भागाला खाकी कव्हर, वर निळ्या पेन्सिलने आकडा. म्हणाले, दोऱ्याने शिवलेलं पुस्तक उसवल्याने मरत नाही, वाचून झालं की परत शिवून देतो. शिवण उसवायची आणि परत घालायची, हे मला लगेच पटलं. माझा जन्मच त्यात गेला.

मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जो आकडा निघेल त्याने तिथून सुरुवात करायची, दर गुरुवारी आपला भाग शेजारच्याला द्यायचा आणि पुढचा घ्यायचा. पाच आठवड्यांत सगळ्यांचं सगळं वाचून व्हायचं, पण एकेकाचं एकेका क्रमाने. काय धमाल होती गं! मास्तर ज्या म्हाताऱ्याला दुसऱ्या भागात शिव्या घालत यायचे, त्याच म्हाताऱ्यासाठी नर्सबाई डोळे सुजवून आलेल्या असायच्या, कारण चौथ्या भागात तो गेलेला. सांगायची बंदी होती. पाचही जण वाचून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. पण नर्सबाईंच्या चेहऱ्यावर सगळं छापून यायचं. म्हणून आपण त्यांना आरशाकडे तोंड करून बसवायचो आणि मग सगळं आरशात दिसायचं.

आणि दुसरा नियम. तो मी केला होता, हे मी कबूल करते. काकांच्या हातच्या कामाला धक्का लागायला नको म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की ज्याच्या हातून भाग हरवेल त्याने खुर्चीवरून उठायचं आणि परत यायचं नाही. तेव्हा सगळे हसले होते. तूही हसली होतीस.

आता त्या पुस्तकाकडे येते. म्हणजे ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याच्याकडे. तुझा चेहरा आत्ता कसा झाला असेल ते मला दिसतंय.

त्या वेळी माझी लेक घर सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. सोडून गेली म्हणते मी, खरं म्हणजे मीच जा म्हटलं होतं. पोहायला शिकवणाऱ्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे गेल्यावर मी एकटीने मशीन चालवून तिला वाढवली, शिकवली, ती काय यासाठी? पाण्यात हातपाय मारून संसार होतो का, असं मी त्याच्या तोंडावर विचारलं होतं. तिला म्हटलं, या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस. ती चढली नाही. माझीच लेक ती. तू दर गुरुवारी निघताना काहीतरी निमित्त काढून तिचा विषय आणायचीस आणि मी तुला तोडून टाकायचे. वरच्या फळीवर तिच्या लहानपणीच्या कपड्यांच्या मापाच्या कागदांचं पाकीट होतं, तिचं नाव लिहिलेलं. तू एकदा म्हणालीस, ते खाली काढ, धूळ बसलीय. मी म्हटलं, त्या पाकिटाला मी मेले तरी हात लावणार नाही. हे मी तुला ऐकवलं होतं. तू ते नीट ध्यानात ठेवलंस.

तर ते पुस्तक. नदीकाठच्या धक्क्यावर होडीची तिकिटं विकणारी एक आई, आणि तिच्याशी भांडून पहिल्याच होडीने पलीकडे निघून गेलेली मुलगी. काकांनीच आणलं होतं, त्यांच्या काय ध्यानीमनी? चिठ्ठीत मला एक नंबर निघाला. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या मंडळात एखादं पुस्तक सरळ, पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचणार होते. तुला दोन निघाला. म्हणजे तू कायम माझ्या एक भाग पुढे. दर गुरुवारी तुझ्या हातातला भाग माझ्या हातात यायचा. पहिला भाग वाचला आणि मला वाटलं, हे माझ्यावरच लिहिलंय. दुसऱ्या भागात मी त्या आईच्या बाजूने होते. तिसऱ्यात नव्हते. चौथा वाचताना तर मशीनवर बसले की सुई चालायची पण लक्ष धक्क्यावर. मुलगी परत येते की नाही? आई तिला घरात घेते की नाही? तुम्हां चौघांनाही तोवर माहीत होतं, कारण पाचवा भाग चौघांचा वाचून झाला होता. मी एकटीच राहिले होते. त्या आठवड्यात मी वर आकाशाकडे बघून म्हटलेलं तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, या पुस्तकातल्या बाईने जे केलं तेच मी करीन. दुकान चालवणारी शहाणीसुरती बाई, आणि निकाल पुस्तकावर सोपवून बसले! पण तू ते माझ्या तोंडावर वाचलं असणार. नर्सबाईंपेक्षा माझा चेहरा काही वेगळा नव्हता.

आणि त्या गुरुवारी तू रिकाम्या हाताने आलीस. पिशवीतून कुठे पडला कळलं नाही म्हणालीस. इतक्या सरळ आवाजात म्हणालीस की मला आणखीच राग आला. मी नियम सांगितला. नुसता नियम सांगून थांबले असते तरी आज तोंड दाखवायला जागा राहिली असती. मी काय बोलले ते तू विसरली नसशील, पण मी विसरले असं तुला वाटू नये म्हणून लिहिते. मी म्हटलं, तुझ्या हातात काही टिकतच नाही, चाळीस पानंही नाहीत आणि नवराही नाही. सगळ्यांसमोर. तुझ्या नवऱ्याने तुला कसं टाकलं ते तू फक्त मला सांगितलं होतंस, याच टेबलाशी, माझ्याकडे झंपर घालून बघताना. कार्बन, मी ते शस्त्र करून वापरलं. आजवर मी स्वतःला सांगत आले की रागाच्या भरात निघून गेलं. नाही गं. लागावं म्हणूनच बोलले होते.

तू उठलीस. तुझा कप मोरीत नेऊन विसळलास, पालथा घातलास, किल्ली टेबलावर ठेवलीस आणि शटरखालून वाकून निघून गेलीस. तिघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, माझं बरोबर आहे म्हणून गप्प आहेत.

तीन आठवड्यांनी पोस्टाने तुझं जाड पाकीट आलं. टाईप केलेले एक्केचाळीस कागद आणि एक चिठ्ठी, की ओळखीच्यांकडे दुसरी प्रत सापडली, पाचवा भाग उतरवून पाठवते आहे, तुझं वाचन पुरं होवो. खाली नावही नाही. मी आभाराचं एक कार्डसुद्धा टाकलं नाही. पण कागद वाचले, एका बैठकीत. शेवटी ती आई खिडकी बंद करते, बाहेर बंदची पाटी लावते, कपाटातून बटणांचा डबा काढते, जो मुलगी लहानपणी जमिनीवर ओतून तासन् तास खेळायची, आणि स्वतःच होडीत बसून पलीकडे जाते. दार वाजवते. दार उघडतं. आणि इथे पुस्तक संपतं.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, लिहिणाऱ्याला कसं कळलं असेल? माझ्याही लेकीचा बटणांचा डबा होता, शिवणाच्या मशीनखाली! होडीची तिकिटं विकणाऱ्या बाईच्या कपाटात बटणांचा डबा कशाला येईल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. जन्मभर मुलांच्या शर्टांची काजं केली, पण डोक्याचं काज काही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी, ऐन कामाच्या दिवशी, मी दुकानाला बंदची पाटी लावली, डबा पिशवीत घातला, दोन बस बदलल्या आणि लेकीच्या दारात जाऊन उभी राहिले. दार तिनेच उघडलं. सातवा महिना होता तिला. तिने आधी माझ्याकडे बघितलंच नाही, पिशवीतून वाजणाऱ्या डब्याकडे बघितलं. मग मात्र दोघींनी जे रडून घेतलं, ते विचारू नकोस. पाणी आणून दिलं ते पोहणाऱ्या जावयाने. चांगला आहे गं मुलगा. मला पोहायला शिकवतो म्हणतो, मी म्हटलं, आधी माझ्या मापाचा पोहायचा पोशाख शिवून दाखव.

नात आता आठ पूर्ण होऊन नवव्यात आहे. मागच्या महिन्यात राहायला आली होती. तिने आईचा लहानपणीचा फोटो बघितला आणि तसाच फ्रॉक हवा म्हणून हटून बसली, तो दोन मोठ्या खिशांचा. मी स्टुलावर चढले आणि इतक्या वर्षांनी वरच्या फळीवरचं ते पाकीट खाली काढलं. मापाचे कागद ओढले, तर त्यांच्यामध्ये खाकी कव्हर. वर निळ्या पेन्सिलीचा पाच.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला रागच आला. म्हटलं, बघा, हरवला म्हणाली आणि इथे दडवून गेली! मग खुर्चीत बसले आणि वाचायला घेतला. छत्तीस पानं तुझ्या टाईपशी अक्षरान् अक्षर जुळत होती. शेवटची चार नाही. छापलेल्या पुस्तकात मुलगी परत येते, कडेवर मूल घेऊन, तिकिटाच्या रांगेत उभी राहते. आई तिला ओळखते. मान वर न करता तिकीट फाडून देते, सुट्टे परत करते आणि म्हणते, पुढचे या. होडी सुटते. बस्स. एवढंच.

कार्बन, मी ती चार पानं त्या वेळी वाचली असती तर तसंच केलं असतं. मला माहीत आहे. मी मला ओळखते. शाबासकी मिळाल्यासारखी मान खाली घालून मशीन चालवत बसले असते आणि नात रांगेतून निघून गेली असती.

मग तुझे टाईप केलेले कागद पुन्हा काढले आणि शेवटच्या कागदाच्या तळाशी डावीकडे तुझी ऑफिसची सवय दिसली. प्रत्येक कागदपत्राच्या शेवटी टाईप करून झाल्याची तारीख. ती तारीख त्या गुरुवारच्या आदल्या दिवसाची होती. भाग हरवला म्हणून तू सांगितलंस त्याच्याही आधी तुझं सगळं टाईप करून तयार होतं. पुढच्या गुरुवारी, सापडली बाई दुसरी प्रत, म्हणून आणून देणार होतीस ना? आणि मी तो पुढचा गुरुवार ठेवलाच नाही.

काकांकडे धावत गेले. आता कानाने अगदीच गेलेत, ओरडून सांगावं लागलं. सगळं ऐकून म्हणाले, मला त्याच दिवशी समजलं होतं. बावीस वर्षं कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या बाईच्या हातून चाळीस पानं हरवतात होय? मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, बोललो असतो तर शेवट सांगावा लागला असता. नर्सबाई आणि मास्तरही त्याच कारणाने गप्प होते. चौघांनी मिळून मला वाचवलं आणि भरपाई तू एकटीने केलीस. तू गेल्यावर आम्ही जेमतेम दोन पुस्तकं केली आणि मंडळ बंद पडलं. चार खुर्च्या मांडल्या की पाचवी जास्तच दिसायची.

परवाच्या गुरुवारी मी त्या तिघांना दुकानात बोलावलं आणि जे केलं, जे बोलले, ते सगळं त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं. मास्तरांनी छत्री आपटून निकाल दिला की भाग नऊ वर्षं माझ्याच दुकानात, माझ्याच फळीवर पडून होता, तेव्हा नियमाप्रमाणे हरवणारी मीच. मी खुर्चीवरून उठले. पाच मिनिटांनी नर्सबाई म्हणाल्या, बस आता, गुडघे दुखतील. पण बसले नाही.

काकांनी त्या पुस्तकाचे चार भाग अजून जपून ठेवलेत, न शिवता. आता शिवून देतो म्हणतात आणि विचारतात की शेवट कोणता घालू. मी म्हटलं, थांबा, पाचवा भाग अजून माझा वाचून झालेला नाही. कारण तो मला मिळालाच नाही. मी तो घेतला, फळीवरून, तुझ्या नकळत. आपल्यात असं नव्हतं. आपल्यात भाग हातून हातात यायचा. म्हणून हे पत्र. तुला इथे ये असं सांगण्याचं माझं तोंड नाही आणि नुसतं माफ कर असं लिहून खिडकीत बसून राहणारी बाई व्हायचं नाही, तेवढं तुझ्या चार पानांनी मला शिकवलंय. येत्या गुरुवारी मी दुकानाला नव्हे, स्वतःच्या तोऱ्याला बंदची पाटी लावून सकाळच्या बसने निघते आहे. नर्सबाईंनी तुझा पत्ता दिला. पिशवीत पाचवा भाग असेल आणि बटणांचा डबाही असेल, तो वाजेल म्हणजे मीच आहे हे तुला जिन्यातच कळेल. दार उघडायचं नसेल तर नको उघडूस, मी परतीच्या बसपर्यंत पायरीवर बसून राहीन. पण उघडलंस, तर मी तो भाग तुझ्या हातात ठेवीन आणि तू तो तुझ्या हाताने मला दे. तेवढीच एक गोष्ट मला हवी आहे.

तुझीच,
कात्री